आईचे दात आणि माझं बोट

माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आता पुरतं मिटत नाही. ब्लाउजला हूक लावताना सुई मधल्या बोटानं धरावी लागते. गिऱ्हाईक बायका विचारतात, तेव्हा मी कूलरच्या पत्र्यावर ढकलते आणि त्या मान डोलावतात. वर्ध्यात एप्रिल लागला की घराघरातून कूलर बाहेर निघतात आणि त्या पत्र्यानं कोणाचा ना कोणाचा हात फाटतोच, त्यामुळे पुढे कोणी खोदून विचारत नाही. पण खरं ते नाही. माझं बोट माझ्या सासूनं चावलं, ते बिघडवलं मी, आणि बिघडवलं ते जावेच्या हेव्यापायी. एवढं एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

वर्ध्याला लागून पिपरी मेघेत आमचं घर आहे, खाली आम्ही आणि वर दीर-जाऊ. आमच्या ह्यांचं जाम गावच्या चौकात स्पेअर पार्टचं दुकान, ते सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दीर पुलगावला नोकरीला. माझी मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा शिकायला बाहेर. म्हणजे दिवसभर घरात मी, माझी शिलाई मशीन आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. चारेक वर्षांपासून त्यांना विसर पडत गेला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरल्या, मग गॅस बंद करायला, मग आम्हाला. नावं गेली तेव्हा त्यांनी आपल्यापुरती सोय करून घेतली. मी झाले मोठी आणि जाऊ झाली लहानी.

लहानी नर्स आहे, मोठ्या दवाखान्यात. गल्लीत कोणाचं बीपी वाढलं, कोणाच्या पोराला ताप आला की आमचं फाटक वाजतं, आणि मी दार उघडलं की येणारा माझ्या खांद्यावरून आत बघतो. "सिस्टर हायेत काय?" वीस वर्षं झाली मला या गल्लीत. निम्म्या गल्लीच्या बायकांच्या अंगावर मी शिवलेले ब्लाउज आहेत. पण मला विचारायला कोणी कधी फाटक वाजवलं नाही, ब्लाउज उसवल्याशिवाय.

तेही मी चालवून घेतलं असतं. आईंचं जेवण मात्र मला चालवून घेता येईना.

सकाळी उठल्यापासून त्यांचं सगळं मीच करायची. तोंड धुणं, अंघोळ, वेणी, लुगडं खराब झालं की बदलणं, दिवसातून चारदा मागच्या अंगणात फिरवून आणणं. दुपारी जेवायला बसवलं की चार घासांनंतर तोंड मिटायचं ते मिटायचंच. मी ज्वारीच्या कण्या करून बघितल्या, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. भाताची शितं माझ्या पदरावर उडायची. चार वाजता लहानी ड्युटीवरून यायची, हात धुवायची, पाट ओढून आईंच्या समोर बसायची. घास आधी त्यांना दाखवायची, मग त्यांच्या हाताला टेकवायची, मग तोंडाशी न्यायची. दहा मिनिटांत वाटी रिकामी. आणि आई पदरानं तोंड पुसत, शेजारीण बसली असेल तर तिच्यासमोर, म्हणायच्या, "लहानीनं जेवू घातलं बाप्पा. मोठी उपाशी ठेवते मले."

शेजारीण माझ्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, मनावर नका घेऊ, त्यांना कळत नाही. मलाही माहीत होतं त्यांना कळत नाही. तरी रात्री पडल्यावर तेच वाक्य डोक्यात यायचं आणि माझा जीव जळायचा. लहानीवर मी कधी ओरडले नाही. तिनं केलेल्या चहात मात्र मी रोज साखर कमी आहे म्हणायची.

ती मला समजावून सांगायची. "बाई, आई घास गालात धरून ठेवतात. तोंडात बोट नका घालत जाऊ. घोटभर पाणी द्या, गालावरून बाहेरून हात फिरवा, अन् थांबा जराशा." मी हो म्हणायची. मनात म्हणायची, दोन लेकरं वाढवली मी, मला ही शिकवते घास कसा भरवायचा ते.

त्या दिवशी मी ठरवलंच होतं. ती यायच्या आत वाटी रिकामी झालेली तिला दिसली पाहिजे. कण्या मऊ शिजवल्या, त्यावर ताक घातलं, पाट ओढून तिच्यासारखीच बसले. आईंनी सहा-सात घास घेतले. मी खूश. मग बघते तर उजवा गाल फुगलेला. सगळे घास तिथं जमा. "गिळा आई," म्हटलं. बघत राहिल्या. पाणी देऊन थांबायला पाहिजे होतं, पण साडेतीन वाजून गेले होते. मी उजव्या हाताचं बोट गालात घातलं आणि घास बाहेर ओढायला लागले.

आईंचे पुढचे दात अजून शाबूत आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फुटाणे खायच्या. ते दात माझ्या बोटाच्या मधल्या सांध्यावर मिटले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, कोणीतरी परकी बाई तोंडात काहीतरी कोंबते आहे अशी. मी बोट जोरानं ओढलं आणि कातडी फाटली. त्यांच्या ओठांवर माझं रक्त लागलं होतं. आधी मी ते पुसलं.

मोरी चार पावलांवर होती. नळाला पाणी होतं. साबण होता. मी काय केलं, तर स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली हळद चिमटीनं दाबली, आईंच्या जुन्या तंबाखूच्या डबीतला चुना त्यावर लावला आणि अस्तराच्या कापडाची पट्टी करकचून बांधली. आमच्याकडे लागलं-खरचटलं की असंच करतात. बोट ठणकत होतं, पण त्यापेक्षा मला झोंबली ती दुसरी गोष्ट. तिला आई कधी चावल्या नव्हत्या. कधीच नाही. तिच्या हातचं गिळतात आणि माझ्या हाताला दात लावतात, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

तेवढ्यात तिचाच फोन आला. "बाई, आज जरा उशीर होते. जेवल्या काय आई?"

"जेवल्या," मी म्हटलं. "माह्या हातानं. पूर्ण वाटी."

रक्त थांबेना तेव्हा मी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पट्टी सोडली, हळदीचा नि चुन्याचा लगदा बघून तोंड वाकडं केलं आणि स्वतःच विचारलं, "कूलरचा पत्रा?" त्या आठवड्यात त्यांच्याकडे आलेली मी तिसरी. मी मान हलवली. खोटं बोलायलासुद्धा मला तोंड उघडावं लागलं नाही. त्यांनी जखम पुसली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तीन टाके घातले आणि घट्ट पट्टी बांधली. पत्र्यानं कापलं असतं तर ते बरोबरच होतं. त्यांचं काही चुकलं नाही.

लहानीनं संध्याकाळी पट्टी बघितली. "काय झालं?"

"कूलर सरकवत होती."

"दाखवा बरं."

"डॉक्टरनं पाहलं. प्रत्येक गोष्टीत तुह्या दवाखाना आणायची गरज नाई."

ती वर जाताना म्हणाली, "दुखलं त सांगजा, बाई." ती असं बोलली की माझा राग आणखीच वाढायचा. तिनं एकदा तरी फणकारून बोलावं म्हणजे मला बरं वाटेल, असं मला नेहमी वाटायचं. पण ती संधीच देत नसे.

लग्नसराई होती. एका नवरीचे चार ब्लाउज द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच हातानं मशीनवर बसले. संध्याकाळपर्यंत बोट सुजलं, पट्टी त्यात रुतायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी कात्री धरता येईना आणि तळहाताची मागची बाजू गरम लागू लागली. आईंना मी दोन्ही दिवस चमच्यानं भरवलं होतं. त्या अर्धं सांडवायच्या, पण मी ते लहानीला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. ती खाली चहाला आली, मी कप पुढे केला आणि तो माझ्या हातातून निसटला. तिनं कप राहू दिला आणि माझं मनगट धरलं.

"पट्टी सोडते मी," ती म्हणाली.

"राहू दे."

"सोडते मी, बाई." तिनं सोडली. वास आला. टाक्यांच्या मधून पिवळं पाणी येत होतं आणि बोट लालभडक झालं होतं. तिनं ते उलटं करून बघितलं. खालच्या बाजूला चार छोट्या खुणा होत्या, ओळीनं. मी त्या कधी नीट बघितल्याच नव्हत्या.

"पत्रा एका बाजूनं कापते," ती म्हणाली. "हे वरून अन् खालून, दोन्हीकडून हाय."

मी हात मागे घ्यायला बघितला.

"आई चावल्या काय?"

आणि मग माझ्या तोंडून इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "हो, चावल्या. मलेच चावल्या. तुले काऊन चावतीन? तुह्या हातचं गोड लागते त्याईले. मी दिवसभर मरते इथं, अन् तू चार वाजता येऊन दहा मिनिटात नाव घेऊन जाते. झालं समाधान?"

आई कॉटवरून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. लहानीनं माझा हात सोडला नाही.

"धुतलं होतं?" तिनं विचारलं.

"हळद लावली."

"धुतलं होतं काय, बाई?"

"नाई."

ती मला मोरीवर घेऊन गेली. माझा हात नळाखाली धरला, हातांना साबण लावून हलक्या हातानं माझं बोट धूत राहिली. चोळलं नाही, दाबलं नाही, नुसती धार सोडून ठेवली. मी म्हटलं, पुरे. ती म्हणाली, पुरे नाही, आणि धूत राहिली. धुता धुताच बोलत होती, रागानं नाही, दवाखान्यात सांगत असेल तसं. "हेच त्या दिवशी करायचं होतं. साबण अन् धार, पाच-दहा मिनिटं. रक्त येत असन त स्वच्छ फडक्यानं दाबून धरायचं. हळद नाई, चुना नाई, टूथपेस्ट नाई. मंग सरळ दवाखाना, त्याच दिवशी, दुखत नसन तरी. अन् तिथं सांगायचं का माणूस चावला. हातावरची अशी जखम शिवत नसतात, उघडी ठेवतात. माणसाच्या तोंडातलं सगळं आत जाते. वरून टाके घातले का थे आतच कोंडते. डॉक्टरले काय सपन पडणार हाय का हे दात हायेत?"

मग तिनं हात कोरडा केला, सुटी स्वच्छ पट्टी गुंडाळली, आणि हाताच्या मागच्या बाजूला लाली जिथपर्यंत आली होती तिथं बॉलपेननं रेघ मारली. "ही लाली रेघेच्या वर गेली त मले लगेच सांगायचं. हात खाली लोंबू देऊ नका, छातीपाशी धरा." शेजारणीला आईंजवळ बसवून तिनं मला स्कूटीवर घेतलं. तिच्या मागे बसून, एक हात वर धरून, मी पूर्ण रस्ताभर तिच्या पाठीकडे बघत होते. भांडायला पाहिजे होतं तिनं माझ्याशी.

तिच्याच दवाखान्यात माझे टाके काढले, जखम उघडली, पिचकारीनं आत पाणी मारून धुतली. पस सांध्याच्या अगदी जवळ पोचला होता. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर बोट ठेवायचं की नाही ते बघावं लागलं असतं, असं डॉक्टर तिला म्हणाले. मला नाही, तिला. सलाईनमधून औषध चालू केलं, हात उशीवर उंच ठेवला. माझं रक्त तपासायला घेतलं आणि आईंचंही, काविळीसाठी, कारण चावण्यातून तीही लागू शकते म्हणे. तीन दिवस मी तिथं होते. वॉर्डातल्या बाया येता-जाता चौकशी करायच्या, कोण हो तुम्ही? आणि दुसरीच कोणीतरी उत्तर द्यायची, सिस्टरची जाऊ. तीन दिवस मी सिस्टरची जाऊ होते. माझ्या आजारपणातही तिचीच ओळख.

तिनं रजा टाकली होती. सकाळी आईंचं करायची, दुपारी मला डबा आणायची, पुन्हा आईंकडे. ह्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन मला खुशखबर दिली. "काळजी करू नोको. आई मस्त जेवून राह्यली. तब्येत सुधरली तिची." बायकोला कोणती गोष्ट कधी सांगू नये हे या माणसाला आजतागायत कळलेलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

घरी आले तेव्हा उजव्या हाताला मोठी पट्टी होती. दुपारी मी हट्टानं आईंच्या समोर बसले आणि डाव्या हातानं घास पुढे केला. त्यांनी हात ढकलला. "डाव्या हातानं जेवाले देते काय वं मले? मी काय मेली काय?" घरदार विसरल्या, डावा-उजवा विसरल्या नाहीत. चमचा डाव्या हातात धरला तरी तेच. शेवटी लहानी आली आणि वाटी संपली. मी खिडकीशी बसून ते बघितलं. माझं बोट माझ्याच मूर्खपणानं सडलं होतं, ते तिनं वाचवलं होतं, आणि तरी मी तिथं बसून मनात म्हणत होते, एकदा तरी हिला चावा आई. एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायची होती. उजेड चांगला म्हणून लहानी मला आईंच्या कॉटवरच घेऊन बसली. पट्टी सोडली. जखम उघडीच होती, कोरडी होत आलेली, आणि खालच्या बाजूच्या चार खुणा आता काळ्या पडल्या होत्या. आई वाकून बघायला लागल्या.

"हे त दात हायेत," त्या म्हणाल्या. "कोनं चावलं वं तुले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा हात धरून बसलेल्या लहानीकडे बघितलं.

"इनं चावलं काय?"

लहानी हसली. ती वर बघून काहीतरी थट्टेचं बोलणार होती. त्याच्या आत मी बोलले.

"हो," मी म्हटलं.

लहानीचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मीही नजर हलवली नाही. मग तिनं कापूस खाली ठेवला आणि आईंना म्हणाली, "हो आई. म्या चावलं. चुकलं माह्यं."

आई मागे सरकल्या, माझा हात तिच्याकडून ओढून आपल्या मांडीवर घेतला. "जा इथून," त्या तिला म्हणाल्या.

मी खोटं सांगणार नाही. मला गोड वाटलं. त्यांच्या मांडीवर माझा हात होता आणि ती दाराबाहेर उभी होती. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

दुपारी लहानी वाटी घेऊन आली तर आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी पुन्हा तेच. मला वाटलं होतं, तासाभरात विसरतील. काय झालं ते विसरल्याही असतील, पण लहानी दिसली की अंग चोरून घ्यायच्या, एवढं त्यांच्यात उरलं. माझा उजवा हात पट्टीत, डावा त्यांना चालेना, आणि लहानी नको. आमचे हे आल्यावर त्यांनी घास करून पुढे नेला, तर आईंनी डोक्यावरून पदर पुढे ओढला. लेकाला त्या सासरा समजल्या. सासऱ्यासमोर सून कशी जेवणार? शेजारणीच्या हातचे दोन घास घेतले आणि थुंकले. दुसरा दिवसही तसाच. चार-सहा घोट पाणी आणि एक बिस्किटाचा तुकडा, बस. बाहेर ऊन तापलेलं आणि त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले.

लहानी जिन्यात बसलेली होती. मी तिच्याजवळ गेले.

"तू हो काऊन म्हटलं?" मी विचारलं. "खोटं हाय म्हणून सांगायचं होतं."

"मंग काय सांगू? ‘आई, तुमीच चावल्या’ म्हणू? दोन मिनिटं का होईना, कळलं असतं त्याईले. तेवढा वेळ रडल्या असत्या." तिनं डोळे पुसले. मला वाटतं ते माझ्यामुळे नव्हतं, आईंमुळे होतं. "उद्या सकाळपर्यंत जेवल्या नाई त सलाईन लावा लागन, बाई. अन् सुई त्या ठेवू देणार नाईत. हात बांधून ठेवा लागतीन."

आईंचे हात बांधलेले माझ्या डोळ्यांसमोर आले. घरभर चालणारी, अजूनही माझी मशीन बंद दिसली तर पायडलवर पाय ठेवून बघणारी बाई. सकाळी मी उठले, लहानीला कण्यांची वाटी घेऊन दारात उभं राहायला सांगितलं आणि आईंसमोर पाटावर बसले.

"आई," मी म्हटलं, "लहानीनं नाई चावलं मले. मी खोटं बोलली."

त्यांनी माझ्या पट्टीकडे बघितलं. "मंग कोनं चावलं?"

दारातून लहानीनं मान हलवली, नको म्हणून. इथं मी कुत्रा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा खोटं बोलून काय झालं ते समोर होतं, आणि आता माझ्यानं दुसरं खोटं निघेना.

"तुमी चावल्या, आई. तुमी घास घेतला होता अन् मी तुमच्या तोंडात बोट घातलं. तुमी भेल्या. चूक माहीच होती."

"मी?"

"हो."

"तुले?"

"हो. मले."

आईंनी आपलं बोट तोंडात घातलं आणि आपले दात एकेक करून चाचपले. बराच वेळ. मग माझा पट्टीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नव्हता. लहानी म्हणाली होती तेच झालं होतं आणि ते मी केलं होतं. मी त्यांचे डोळे पुसले. लहानी दारातून हलली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि दाराकडे बघितलं. "लहाने, उभी काऊन? आन थे वाटी."

लहानी येऊन बसली. घास दाखवला, हाताला टेकवला, तोंडाशी नेला. आईंनी खाल्लं. दुसरा खाल्ला. ती थांबत होती, पाणी देत होती, गालावरून हात फिरवत होती, आणि आई तिच्याकडे बघत जेवत होत्या. मी खरं बोलले आणि घास तिच्या हातात गेला. मी बाजूला बसून वाटी खाली होताना बघत होते, देवाचे आभार मानत होते आणि मला तिचा हेवा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. खरं बोललं की हेवा जातो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वाटीत थोडंसं उरलं तेव्हा आईंनी लहानीचा हात थांबवला. आपली बोटं वाटीत घातली, कण्यांचा एक घास जमवला आणि माझ्या तोंडाशी आणला.

"खाय," त्या म्हणाल्या. "हात दुखते तुह्या, कशी जेवशीन?"

मी तोंड उघडलं. घास आत आला, त्यामागून त्यांची बोटं आली.

"हळू," आई म्हणाल्या. "माह्यं बोट चावू नोको."

त्यांची बोटं पूर्ण बाहेर निघेपर्यंत मी तोंड उघडंच ठेवलं.